ताप लपवावा लागू नये म्हणून: कोल्हापूर-पन्हाळा लग्नकामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२१

८ जून २०२१, मंगळवार

कालपासून राज्यात कोरोना निर्बंधांचे पाच स्तर लागू झाले. जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट किती आणि ऑक्सिजनचे किती बेड भरलेत, यावर स्तर ठरतो. आपण चौथ्यात. लग्नाला २५ माणसं. तिसऱ्यात गेलो तर ५०. एप्रिलमधल्या आदेशातही २५ च होती, पण त्यात दोन तासांची मर्यादा होती आणि मोडली तर ५०,००० रुपये दंड. दोन तासांत आमच्याकडं नवरी तयारसुद्धा होत नाही.

या नोंदी आमच्या गटासाठी. गट म्हणजे संस्था नव्हे, फलक नाही, अध्यक्ष नाही. पुण्या-मुंबईची, बेळगाव-निपाणीची माणसं पन्हाळ्यावर किंवा वाघबीळच्या खालच्या लॉनवर येऊन लग्न करतात, दोन रात्री राहतात, त्यांची कामं करणारे आम्ही सुटे लोक: मी सगळं जुळवणारी, आचारीमामा, मांडववाले अण्णा, लाइटवाला, फोटोवाला, मेकअपवाली, भटजी आणि गडावरचे एक लॉजवाले काका. मोठ्या हॉटेलांकडं वकील असतो, विमा असतो. आमच्याकडं डायरी असते.

लॉनवर ५० माणसांना परवानगी गेल्या जूनमध्येच मिळाली होती. हिवाळ्यात थोडी लग्नंही झाली. मग फेब्रुवारीत आकडे चढले आणि एप्रिलमध्ये दार लागलं. या वेळी नुसतं दार उघडायची वाट बघायची नाही, असं ठरलंय.

१३ जून, रविवार

अण्णांच्या गोडाऊनबाहेर, उघड्यावर बसलो. मी प्रत्येकाकडं एकच मागितलं: पन्नास पाहुण्यांच्या लग्नाला तुमच्याकडून किती माणसं येतात ते लिहा. आचारी, त्यांचे मदतनीस, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका. मांडव उभा करणारी पोरं, खुर्च्या उतरवणारे हमाल, जनरेटरवर बसणारा. फुलांची दोघं. सनई, बेंजो. ड्रायव्हर. यादी पानभर झाली आणि पाहुण्यांच्या आकड्याला येऊन टेकली.

सरकारी आकडा पाहुणे मोजतो. पाहुणा एका लग्नाला येतो, जेवतो, आणि जातो. वाढपी पोरगं सीझनला आठवड्यात तीन-चार लग्नं करतं, एकाच टेम्पोतून दहाजण जातात, एकाच खोलीत झोपतात. रोग एका वऱ्हाडातून दुसऱ्या वऱ्हाडात न्यायचा तर याहून सरळ वाट नाही.

मग मामांना विचारलं, ताप असताना काम करणारी पोरं कितीदा बघितलीत? ते हसले. म्हणाले, "ताई, ताप आला म्हणून घरी बसलं की हजेरी गेली. गोळी घ्यायची आणि पंगतीला उभं ऱ्हायचं. मीबी तेच केलंय की आयुष्यभर." कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांनीच ते केलेलं.

माझ्या मते काम इथूनच सुरू होतं. मास्क, अंतर, सॅनिटायझर सगळं ठीक. पण ज्याला ताप आहे त्याला तो सांगणं परवडलं पाहिजे.

२० जून

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक लग्न सविस्तर वाचलं. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं तपास करून लिहिलंय. ७ ऑगस्ट २०२०, लहान गाव, ५५ पाहुणे. त्यातून १७७ जणांना लागण जोडली गेली, ७ मेले. मेलेल्यांपैकी एकही त्या लग्नाला गेलेला नव्हता. रोग पोचला एका वृद्धाश्रमात आणि दूरच्या एका तुरुंगात. तुरुंगात तो नेला लग्नाला गेलेल्या तिथल्याच कर्मचाऱ्यानं, जो खोकला-अंगदुखी असताना पाळी करत राहिला.

गटात हे वाचून दाखवलं. लाइटवाला म्हणाला, "म्हणजे तिकडंबी आपल्यासारखंच." इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

बिहारमधल्या पालीगंजच्या लग्नाचीही आठवण निघाली. जून २०२०, नवरदेवच दोन दिवसांत गेला, नंतर शंभरावर माणसं पॉझिटिव्ह. तिथं तर नवरदेवाला आधीपासून ताप होता.

२ जुलै

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेतलं. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय याचा अंदाज त्यावरून येतो. मोकळ्या हवेत ४२०च्या आसपास दाखवतं. ८००च्या खाली राहिलं तर खोली खेळती म्हणायची.

ओळखीच्या एका कार्यालयात गेले. मोठा हॉल, उंच छत, दोन्ही बाजूंनी दारं. तिथं फार चिंता वाटली नाही. मग वधूपक्षाची खोली उघडायला लावली. एसी आहे, खिडकी आहे, पण खिडकीबाहेर जाहिरातीचा फ्लेक्स ठोकलेला. आम्ही काहीजण आत बसून दार लावलं, अर्ध्या तासात आकडा हजाराच्या पुढं. लग्नादिवशी त्याच खोलीत नवरी, करवल्या, मेकअपवाली, तिची मदतनीस, साड्या नेसवणारी आत्या आणि "फक्त बघून जाते" म्हणत येणाऱ्या पंधरा बायका असतात. चार तास. सगळ्या विनामास्क, कारण मेकअप.

नियमांमध्ये हॉलची क्षमता आहे, लॉनची आहे. या खोलीबद्दल एक ओळ नाही.

ठरलं: नवरीची तयारी व्हरांड्यात किंवा खिडक्या उघडणाऱ्या खोलीत, पंखा बाहेर तोंड करून. खोलीत एका वेळी पाचजणी. मेकअपवालीला एन-९५ आम्ही देणार. पाचजणींचा नियम टिकेल असं तिला वाटत नाही. मलाही नाही. म्हणून खिडकीवर जास्त भर.

२४ जुलै

पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५६ फुटांवर गेली. २०१९ च्याही वर. शिरोलीजवळ हायवे बंद, केर्लीकडून रत्नागिरी रस्ता बंद, पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला. अण्णांच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी. गाद्या आणि कापड गेलं, पाइप वाचले.

लग्नाचं काम बंद. मामा आणि त्यांची पोरं पूरग्रस्तांसाठी रांधायला गेली आहेत.

१२ ऑगस्ट, गुरुवार

काल नवा आदेश आला. १५ ऑगस्टपासून लॉनवर क्षमतेच्या निम्मे, कमाल २००. बंदिस्त हॉलमध्ये निम्मे, कमाल १००. लग्नाचं चित्रीकरण करून ठेवायचं, अधिकाऱ्यांनी मागितलं तर द्यायचं. आणि आमच्यासाठी मुख्य कलम: व्यवस्थापन, भोजन, बँड, भटजी, फोटोग्राफर, लग्नाशी जोडलेल्या प्रत्येकाचे लसीचे दोन डोस आणि त्यावर १४ दिवस पूर्ण हवेत.

गेले दोन महिने आम्ही जे म्हणतोय ते सरकारनं लिहिलं याचा आनंद झाला. मग कॅलेंडर काढलं.

कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस. आज पहिला डोस घेतला तर दुसरा ४ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनादिवशी. त्यावर १४ दिवस धरले की १८ नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी १५ नोव्हेंबरला, तिथून तुळशीची लग्नं आणि आपला सीझन. म्हणजे ज्यानं या आठवड्यात सुई टोचून घेतली तो सुरुवातीच्या मुहूर्तांना जेमतेम पोचेल, ज्यानं गणपतीपर्यंत ढकललं तो डिसेंबरात. कोव्हॅक्सिनला चार ते सहा आठवडे, पण ती मिळेल तेव्हा खरी. चातुर्मास या वर्षी कामाला आला म्हणायचा.

यादी नव्या रकान्यासह पुन्हा लिहिली. फोटोवाले, मेकअपवाली, भटजी झालेले. वाढपी आणि मांडवाची पोरं बहुतेक कोरी. कारण भीती नाही, रांग. केंद्रावर टोकन घ्यायला पहाटे जावं लागतं, अर्धा दिवस मोडतो. शिवाय अर्ध्यांचं आधार कार्ड गावाकडं. अण्णांनी गोडाऊनची साफसफाई थांबवून पोरांना टेम्पोत घालून न्यायचं कबूल केलं. त्या दिवसाची हजेरी गटातून.

२९ ऑगस्ट

आजची बैठक पैशांवर. तीन तास गेले, थोडी भांडणंही झाली, म्हणून नीट लिहून ठेवते.

पहिला मुद्दा, आजारी हजेरी. प्रत्येक लग्नाच्या एकूण बिलातून दोन टक्के बाजूला पेटीत टाकायचे. ज्याला कामाच्या आधी ताप, घसा, वास जाणं, जुलाब, काहीही झालं त्यानं आदल्या संध्याकाळपर्यंत फोन करायचा. यायचं नाही, हजेरी पूर्ण मिळणार. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढच्या बुडणाऱ्या कामांची निम्मी. लाइटवाल्याचा विरोध: "उद्या क्रिकेटची मॅच असली की सगळ्यांचा घसा दुखणार." रास्त शंका. पण मामांनीच उत्तर दिलं. एखादा खोटं बोलून एक हजेरी घेईल, ती आपण सोसू. खरं न बोलल्यामुळं मेमध्ये आपली किती माणसं सीपीआर दवाखान्यात पडली होती ते आठवा. विषय तिथं संपला.

दुसरा मुद्दा, पाहुण्यांचा. आमच्या सगळ्यांच्या पावत्यांवर वर्षानुवर्षं छापलंय: अॅडव्हान्स परत मिळणार नाही. म्हणजे नवरीच्या वडिलांना लग्नाच्या दोन दिवस आधी ताप आला तर त्यांच्यापुढं काय राहतं? सांगितलं तर लाखभर रुपये जाणार. गोळी घेऊन मांडवात उभं राहिलं तर कुणाला कळणारही नाही. वाढप्याचं आणि यजमानाचं दुखणं एकच आहे, फक्त रक्कम वेगळी. म्हणून नवा करार: घरात कुणाला लागण झाली किंवा सरकारी आदेश बदलला तर अॅडव्हान्स सहा महिन्यांतल्या कुठल्याही मोकळ्या तारखेला वळता होईल. दंड नाही. फक्त नाशवंत माल आधीच घेतला असेल तर त्याचे पैसे कापायचे: फुलं, दूध, भाजी.

लॉजवाले काका अडून बसले. खोल्या अडवून ठेवल्या आणि ऐनवेळी रिकाम्या राहिल्या तर त्यांचं नुकसान आमच्यापेक्षा जास्त, हे खरंच आहे. शेवटी त्यांच्यासाठी एका रात्रीचं भाडं कापायचं, दुसरी रात्र वळती, असं ठरलं. मला पटलेलं नाही, पण काका गटाबाहेर गेले तर गडावर दुसरं परवडणारं ठिकाण नाही.

१९ सप्टेंबर

एक विक्रेता निर्जंतुकीकरणाचा बोगदा भाड्यानं द्यायला आला. पाहुण्यांनी त्यातून चालायचं, अंगावर फवारा. आरोग्य मंत्रालयानं माणसांवर फवारणी करू नका असं १८ एप्रिल २०२० लाच सांगितलंय. शिवाय पैठणीवर क्लोरिन उडवून कोण आम्हाला पैसे देणार? चहा देऊन पाठवलं.

ताप मोजायची बंदूक ठेवायची. पकडेल फार कमी, कारण लक्षणं नसलेलाही पसरवतो, पण दारात कुणीतरी विचारतंय एवढा वचक पुरे.

३ ऑक्टोबर, रविवार

वाघबीळच्या लॉनवर रंगीत तालीम. पाहुणे म्हणून आमचीच घरची माणसं.

जेवण. बुफे की पंगत यावर माझं मत आज पक्कं झालं. बुफे असला की गर्दी मांडवभर होत नाही, जिलेबीच्या काउंटरपुढं होते. मास्क हनुवटीवर, हातात ताट, मागच्याचा श्वास मानेवर. पंगतीत माणूस एका जागी बसतो, वाढपी मास्क लावून फिरतो. समोरासमोर पंगत न मांडता सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला केली, दोन पंगतींत भरपूर जागा सोडली. मसालेभात, बटाटाभाजी, जिलेबी, मठ्ठा. मामा खूश, कारण बुफेमुळं त्यांचे जुने वाढपी बेकार झाले होते. मनुष्यबळ जास्त लागतं, पण अन्न कमी वाया जातं. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

आदल्या रात्रीच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पुण्याचे पाहुणे अडून असतात. तो वाटीतून जागेवर वाढायचा. पातेल्याभोवती गोळा व्हायचं नाही.

मंगलाष्टका. हे मी आधी हसण्यावारी नेलं असतं, पण बघा: एक माईक, भटजींकडून आत्याकडं, आत्याकडून मावशीकडं, मग मामी, आणि प्रत्येकजण तोंडाला लावून सप्तसूर लावणार. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट इथं मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली; ६१ जण होते, एकाला सर्दीसारखी लक्षणं होती, ५३ आजारी पडले, दोघं गेले. जोरात गाताना तोंडातून कण जास्त सुटतात. ते बंद खोलीत होतं, आपण उघड्यावर, हा मोठा फरक. तरी माईक भटजींचा भटजींकडं. आत्यांसाठी वेगळा, स्टँडवर, बोहल्यापासून लांब, दर मंगलाष्टकेला फोमचं टोपण बदलायचं. फिरता माईक नाही.

अक्षता टाकायला सगळे पुढं धावतात. खुर्चीवर आधीच पुड्या ठेवल्या आणि जागेवरून टाका म्हटलं. तालमीतसुद्धा माझी चुलत सासू पुढं आलीच.

हळदीबद्दल फार चर्चा झाली, मला ती वायफळ वाटली. हात धुवायचे, उघड्यावर करायची. संपलं.

१४ नोव्हेंबर

पहिलं लग्न पुढच्या रविवारी. नवरा पुण्याचा, नवरी बेळगावची. पाहुणे १८०, लॉनची क्षमता ५०० च्या वर, त्यामुळं नियमात.

नवरीकडच्यांचा प्रश्न परतीचा. कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर सक्तीची केल्यापासून कोगनोळी नाक्यावर अडवाअडवी असते, दोन डोस झाले असले तरी. इथून जायचं तर रिपोर्ट ७२ तासांच्या आतला हवा. तेव्हा आमच्याकडं येण्यासाठी म्हणून नव्हे, घरी परत जाता यावं म्हणून सगळं वऱ्हाड टेस्ट करणार. स्वॅब शनिवारी सकाळी, इथंच. प्रयोगशाळेत जाऊन दिली तर ५०० रुपये, माणूस बोलावला तर ८००. आमच्या पथ्यावर पडलं.

२१ नोव्हेंबर, रविवार, रात्री

परवा संध्याकाळी एका वाढप्याचा फोन आला. घसा खवखवतोय, अंग मोडलंय. अँटिजन निगेटिव्ह. लक्षणं असताना अँटिजन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची असते, ती केली, रिपोर्ट यायचाय. पोरगं म्हणालं, "निगेटिव्ह हाय की ताई, येतो." नको म्हटलं. हजेरी आज त्याच्या भावाच्या हातात दिली, सगळ्यांसमोर, मुद्दाम. पैसे खरंच मिळतात हे बाकीच्यांनी बघायला हवं होतं.

गोरज मुहूर्त. वारा पश्चिमेकडून, म्हणून अण्णांनी मांडवाची ती आणि समोरची बाजू उघडी ठेवली. एरवी सजावटीचे पडदे लागतात. फोटोवाल्याची कुरकूर झाली की मागं डोंगराऐवजी पार्किंग दिसतंय. नवरीची तयारी व्हरांड्यात. तिच्या आईला ते आधी पटेना, मग संध्याकाळचं ऊन आरशावर आलं आणि मेकअपवालीच म्हणाली की ट्यूबलाइटपेक्षा हे बरं.

पंगत चांगली झाली. माईक फिरला नाही. मास्क जेवणानंतर पुन्हा तोंडावर आले असं म्हणायचं तर खोटं होईल. वाढप्यांचे आले, पाहुण्यांचे नाही.

आणि जिथं आमचा हात पोचत नाही तिथं जे व्हायचं ते झालं. काल संगीत दहाला संपवलं, आवाज बंद, दिवे बंद. मग दोन्हीकडची तरुण मंडळी लॉजच्या एका खोलीत जमली. गडावरची थंडी, खिडकी बंद, पत्ते, गाणी, पहाटेपर्यंत. काकांनी दोनदा दार वाजवलं. लॉनवरच्या ५० फुटी मोकळ्या मांडवात आम्ही जे राखलं ते त्या खोलीत गेलं असणार. पुढच्या वेळी त्यांना मोकळ्यावर शेकोटी, चहा आणि बसायला गाद्या द्यायच्या. हाकलण्यापेक्षा दुसरी जागा देणं सोपं.

५ डिसेंबर

१४ दिवस झाले. दोन्ही घरांना आणि आमच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन. वाढप्याची आरटीपीसीआर निगेटिव्हच आली होती, साधी सर्दी. पुण्याकडचा एक पाहुणा नवव्या दिवशी पॉझिटिव्ह, त्याच्या ऑफिसात आधी दोघं निघालेले. बाकी कुणी नाही. यावरून आमची पद्धत सिद्ध झाली असं मी लिहिणार नाही. नोव्हेंबरात जिल्ह्यात रोगच कमी होता.

दरम्यान २७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश: बंदिस्त जागेत क्षमतेच्या ५०, खुल्यावर २५ टक्के. आदल्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ओमायक्रॉनला नाव दिलं. आमच्या लॉनला आता १२५ च्या आसपास.

३१ डिसेंबर, शुक्रवार

काल रात्रीपासून पुन्हा ५०. खुलं असो की बंद. आठवड्यापूर्वीच बंदिस्त जागेत १०० आणि खुल्यावर २५० केले होते, तेही गेले.

जानेवारीतल्या दोन्ही यजमानांना सकाळी फोन केले. एकांनी ५० वर आणलं. फक्त घरचे, लॉज दोन खोल्या. दुसऱ्यांनी काही विचारायच्या आत सांगितलं की नवरदेवाच्या बहिणीला कालपासून ताप आहे, टेस्ट दिली आहे, करारात लिहिलंय त्याप्रमाणं तारीख पुढं घेता येईल ना? मे महिन्यातली दिली. अॅडव्हान्स वळता केला, काकांची एक रात्र कापली, पावती पाठवली.

पेटीतून या महिन्यात तीन हजेऱ्या गेल्या. लाइटवाल्यानं विचारलं, एक तरी मॅचची होती का? माहीत नाही. शिल्लक अजून बरी आहे, पण मेपर्यंत फारशी भर पडणार नाही. दोन टक्क्यांचे तीन करायचे का हे सोमवारी ठरवायचं. मांडवाच्या दोन नव्या पोरांचा दुसरा डोस १० जानेवारीला आहे, अण्णांना टेम्पोची आठवण करायची.